उतरताना 'टीकास'चा इशारा मिळाल्यास: कृती, पात्रता आणि अहवालाची कागदपत्रे

धावपट्टीकडे निघालेल्या विमानाभोवतीचे आकाश नेहमीच दाटीचे असते, कारण निरनिराळ्या दिशांनी येणारी विमाने तेथे एकाच वाटेवर आणली जातात आणि समांतर धावपट्ट्या असतील तर दोन विमाने जवळजवळ शेजारीशेजारी उतरत असतात. अशा वेळी टक्कर टाळणारी यंत्रणा, म्हणजे 'टीकास', वाजली तर वैमानिकाने काय करायचे आणि विमान उतरल्यावर त्याची नोंद कशी करायची, हे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या, म्हणजे आयकाओच्या, नियमांत ठरलेले आहे. आधी कृती, मग कळवणे आणि शेवटी कागद हा क्रम कोणत्याही कारणाने उलटा होऊ द्यायचा नसतो.

कोणत्या विमानांना हे लागू आहे?

टर्बाइन इंजिनाचे जे विमान ५,७०० किलोपेक्षा अधिक कमाल उड्डाण वजनाचे आहे किंवा ज्याला १९ पेक्षा अधिक प्रवासी नेण्याची परवानगी आहे, त्यावर ही यंत्रणा असणे आयकाओच्या मानकानुसार आवश्यक आहे, आणि १ जानेवारी २०१७ पासून तिची किमान ७.१ ही आवृत्ती असावी लागते. लहान विमानांना ही सक्ती नसली तरी त्यांचा ट्रान्सपॉन्डर, म्हणजे विचारणा येताच रेडिओवर उत्तर देणारे उपकरण, चालू असणे महत्त्वाचे असते, कारण ट्रान्सपॉन्डर नसलेले विमान टीकासला दिसतच नाही, आणि ज्याचा ट्रान्सपॉन्डर उंची कळवत नाही त्याच्याबाबत यंत्रणा सावध करू शकते, मात्र चढा किंवा उतरा असे सांगू शकत नाही.

इशारे दोन प्रकारचे असतात. पहिला टीए, म्हणजे जवळ दुसरे विमान असल्याची सूचना. केवळ तिच्या आधारे विमानाची वाट बदलायची नसते, फक्त त्या विमानाचा शोध घ्यायचा आणि पुढच्या इशाऱ्यासाठी तयार राहायचे. दुसरा आरए, म्हणजे उभ्या दिशेने काय करायचे याचा थेट आदेश. पुढे सांगितलेली कळवण्याची पद्धत आरएसाठी आहे.

जमिनीलगत यंत्रणा मुद्दाम गप्प केलेली असते, आणि उतरणाऱ्या वैमानिकाला हे पाठ असायलाच हवे. जमिनीपासून सुमारे १,१०० फुटांखाली 'उतरा' असा आरए दिला जात नाही, सुमारे १,००० फुटांखाली कोणताच आरए मिळत नाही आणि सुमारे ५०० फुटांखाली टीएचा आवाजही बंद होतो. म्हणजे अगदी शेवटच्या टप्प्यात दुसरे विमान धोकादायकरीत्या जवळ आले, तर ती घटना आरए म्हणून नव्हे, तर डोळ्यांनी पाहिलेली विमान-निकटता म्हणून कळवावी लागते.

इशारा मिळताच

आरए मिळाल्यावर वैमानिकाने ५ सेकंदांच्या आत प्रतिसाद सुरू करावा आणि आदेश उलटला किंवा अधिक तीव्र झाला तर सुमारे अडीच सेकंदांत, अशी अपेक्षा धरूनच यंत्रणेचे गणित मांडलेले आहे. हा आदेश हवाई वाहतूक नियंत्रकाच्या सूचनेविरुद्ध असला तरी आदेशच पाळायचा आणि त्याच्या उलट दिशेला कधीही जायचे नाही. हा नियम महागात शिकलेला आहे. १ जुलै २००२ रोजी जर्मनीतील युबरलिंगनजवळ एका विमानाने टीकासचे ऐकून उतार घेतला आणि दुसऱ्याने, त्याच्या टीकासने चढायला सांगितलेले असताना, नियंत्रकाचे ऐकून उतार घेतला. त्या टकरीत ७१ जणांचा मृत्यू झाला. खिडकीतून एखादे विमान दिसले म्हणूनही आदेश मोडू नये, कारण दिसलेले विमान आणि इशारा देण्यास कारण ठरलेले विमान एकच असेल असे नाही. विमान गतिहीन होऊन कोसळण्याचा, वाऱ्याच्या अचानक बदलाचा आणि जमीन जवळ आल्याचा इशारा मात्र आरएच्या वर मानला जातो. अंतिम टप्प्यात 'चढा' असा आरए मिळाला, तर व्यवहारात उतरणे सोडून गो-अराउंडच, म्हणजे पुन्हा वर जाऊन नव्याने उतरण्याची तयारी, करावे लागते.

कळवण्याचे शब्दही ठरलेले आहेत. वैमानिक 'टीकास आरए' म्हणतो आणि नियंत्रक 'रॉजर' (ऐकले) एवढेच उत्तर देतो. वैमानिकाकडून 'क्लिअर ऑफ कॉन्फ्लिक्ट' (धोका टळला) ऐकू येईपर्यंत नियंत्रकाने त्या विमानाची वाट बदलण्याचा प्रयत्न करायचा नसतो. आदेशामुळे एखादी सूचना पाळता येत नसेल, तर 'अनेबल (शक्य नाही), टीकास आरए' असे सांगावे.

अहवाल आणि नोंदी

गंभीर घटना, विशेषतः दुसऱ्या विमानाशी संबंधित असेल तर, उड्डाणातच रेडिओवर कळवायची आणि उतरल्यावर शक्य तितक्या लवकर हवाई वाहतूक घटना अहवालाचा नमुना भरून तिला दुजोरा द्यायचा. हा नमुना आयकाओच्या दस्तऐवज ४४४४ मध्ये दिलेला आहे. आपल्या आणि दुसऱ्या विमानाचे स्थान, दिशा व उंची, उंचीमापकाची जुळणी, हवामान, नियंत्रकाने दिलेली वाहतुकीची माहिती, टीकासचा इशारा, केलेली कृती आणि दोन विमानांमधले अंतर, एवढा तपशील त्यात मागितला जातो. अंतर अंदाजाचेच असते, तेव्हा ते अंदाज म्हणूनच लिहावे. नंतर रडारच्या नोंदीशी जुळवून फुगवलेला किंवा आवळलेला आकडा तपासाला उपयोगाचा नसतो. अहवालाची मुदत त्या त्या देशाच्या नियमांनुसार ठरते; युरोपीय संघात नियमन ३७६/२०१४ प्रमाणे ती ७२ तासांची आहे.

सर्वांत लवकर हातची जाते ती कॉकपिटमधील आवाजाची नोंद. अनेक विमानांवर ती फक्त शेवटच्या दोन तासांची असते आणि वीजपुरवठा चालू राहिला तर तिच्यावर नवी नोंद चढते, त्यामुळे तपासाला ती लागेल असे वाटत असल्यास पुढच्या उड्डाणापूर्वीच ती राखून ठेवण्याची सूचना द्यावी.

नमुना भरताना धोका किती होता हे वैमानिकाने ठरवायचे नसते. टकरीचा धोका होता, सुरक्षितता निश्चित नव्हती, टकरीचा धोका नव्हता किंवा धोका ठरवता आला नाही, यांपैकी एका वर्गात ती घटना तपासानंतर बसवली जाते.