दोन भिंतींमधली फट

शंभर-दीडशे वर्षं उभी असलेली इमारत आपल्या जागी बसलेली असते. पायाखालची माती जेवढी दबायची, तेवढी बहुतेक दबून झालेली असते. तिला खेटून संग्रहालयाचं नवं दालन बांधलं, की त्याच्या वजनाखालची माती मात्र आता कुठे दबायला लागते. दोन्ही इमारती घट्ट सांधलेल्या असतील तर नवी खचताना जुनीला ओढते, आणि तडे जातात. म्हणून नवं जुन्यासारखं दिसावं की वेगळं, हा शैलीचा वाद पुढचा. आधी दोघींमध्ये फट ठेवायची, आणि ती हलती राहील अशा पट्टीने झाकायची.

लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधल्या चौकावर २००० साली काचेचं छत चढलं. मधलं गोल वाचनालय चौकाच्या नेमक्या मध्यावर नाही, त्यामुळे छतातल्या ३,३१२ काचांपैकी कोणत्याही दोन सारख्या नाहीत. या आकड्याचं कौतुक सगळेच करतात. मला छताच्या कडा जास्त आवडतात. फुगीर छत कडेला बाहेर रेटा देतं. एकोणिसाव्या शतकातल्या भिंती वरून आलेलं वजन पेलतात, आडवा रेटा त्यांना झेपत नाही. म्हणून इथे छत त्यांना जखडलेलं नाही. सरकत्या आधारांवर नुसतं टेकलं आहे. उन्हाने पोलाद प्रसरण पावलं तरी भिंत ढकलली जात नाही.

वजनासारखीच ओलीचीही काळजी घ्यावी लागते. चुन्यातली भिंत ओल घेते, तशी सोडतेही. दुरुस्ती करताना सांधे सिमेंटने भरले, की ओल विटेतून वाट काढते, तिच्यातले क्षार पृष्ठभागाखाली स्फटिक होऊन साचतात, आणि विटेचे पापुद्रे सुटू लागतात. टणक मसाला म्हणजे चांगला मसाला, हा समज जुन्या इमारतींना फार महागात पडला आहे. त्यात कागद, कापड, लाकूड यांना स्थिर आर्द्रता हवी. ती जुन्या भिंतींवर लादण्यापेक्षा नाजूक वस्तू नव्या दालनात ठेवाव्यात आणि दगडी मूर्ती जुन्यात, ही वाटणी शहाणपणाची.

बर्लिनचं नॉयेस म्युझियम दुसऱ्या महायुद्धात बॉम्बहल्ल्यांनी उद्ध्वस्त झालं आणि दशकानुदशकं भग्नावस्थेत राहिलं. जमीन दलदलीची, म्हणून मूळ वास्तुकार श्ट्यूलरने वजन वाचवायला काही कमानदार छतांत चक्क पोकळ मातीची भांडी वापरली होती! वास्तुकार डेव्हिड चिपरफील्डने २००९ मध्ये ते पुन्हा उभं केलं, तेव्हा भिंतींवरच्या जखमा पुसल्या नाहीत. मुख्य जिना जुन्याच जागी, जुन्याच मांडणीचा. पण पांढऱ्या सिमेंटच्या काँक्रीटचा, नक्षीविना. नवी भर मूळ बांधकामापासून वेगळी ओळखू यावी, हे जुन्या वास्तूंच्या जतनासाठीच्या १९६४ च्या व्हेनिस सनदेतलं तत्त्वच इथे दिसतं. हुबेहूब नक्कल हवी, असं म्हणणारे बर्लिनकरही होतेच.

इटलीतल्या व्हेरोनाच्या कास्तेलव्हेक्यो किल्ल्यातल्या संग्रहालयात वास्तुकार कार्लो स्कार्पा याहून पुढे गेला. नंतरच्या काळात भर पडलेल्या बांधकामाचा एक तुकडा त्याने पाडून टाकला, आणि त्या मोकळ्या जागेत काँक्रीटच्या उंच आधारावर चौदाव्या शतकातला घोडेस्वाराचा एक पुतळा उभा केला. जुनं आणि नवं जिथे एकमेकांना शिवत नाही, तिथेच तो आहे, आणि खालून, वरून, पुलावरून, कुठूनही नजर त्याच्याकडेच जाते.