पॉवर स्टिअरिंग पंपाची क्षमतावाढ (जुन्या एसयूव्ही)

हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंगचा मूळ पंप काढून त्या जागी अधिक प्रवाहाचा किंवा अधिक दाबाचा पंप बसवणे, अथवा मूळ पंपातच तसा फेरफार करणे, याला पंपाची क्षमतावाढ म्हणतात. तेलाच्या दाबाने चाके वळवायला मदत करणारी हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंगची व्यवस्था १९५१ साली क्रायस्लर इंपीरियल या मोटारीतून बाजारात आली आणि पुढे बहुतेक जड वाहनांत रूढ झाली. पंपाची क्षमता कारखान्यातून आलेल्या टायरांच्या मापाला धरून ठरवलेली असते. त्यामुळे ३३ किंवा ३५ इंची रुंद टायर बसवले अथवा पुढच्या डिफरन्शियलला (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरसंचाला) लॉकर, म्हणजे ती दोन्ही चाके एकत्र जखडणारे साधन, जोडला, की जागच्या जागी चाके वळवताना स्टिअरिंग जड लागते. अडचण अशी की, सर्वाधिक जोर लागतो तो नेमका गाडी उभी असताना, म्हणजे इंजिन आणि त्याच्या पट्ट्यावर चालणारा पंप सर्वांत सावकाश फिरत असताना.

या पंपात रोटरच्या खाचांमध्ये सरकणारी पाती लंबगोल कड्याच्या आतल्या भिंतीला टेकून फिरतात आणि तेल पुढे ढकलतात. पंप निर्माण करतो तो प्रवाह. दाब तयार होतो चाकांच्या विरोधामुळे, आणि रिलीफ व्हॉल्व्ह त्याला मर्यादा घालतो. हा भेद लक्षात न घेताच पुष्कळदा पंप बदलला जातो. स्टिअरिंग सावकाश फिरवल्यास हलके, पण झटकन फिरवल्यास मध्येच अडकल्यासारखे होत असेल, तर प्रवाह अपुरा आहे. सावकाश फिरवूनही जडच राहत असेल, तर दाब कमी पडतो. अर्थात त्याआधी घसरणारा पट्टा, कमी झालेले तेल आणि घट्ट झालेले बॉल जॉइंट (चाक ज्यांवर वळते ते गोलाकार सांधे) तपासून घेणे शहाणपणाचे, कारण या दोषांवर नवा पंप हा उपाय नव्हे.

प्रवाह वाढवण्यासाठी मोठा पंप किंवा लहान पुली वापरतात, अथवा तेल बाहेर पडण्याचे छिद्र थोडे रुंद करतात. छिद्र प्रमाणाबाहेर रुंद झाले, तर वेगात स्टिअरिंग नको तितके हलके होते. अमेरिकी गाड्यांतील सॅगिनॉ पंपात रिलीफ व्हॉल्व्हमागील पातळ वॉशर काढून दाब वाढवता येतो. अशा पंपाची दाबून बसवलेली पुली पुलरनेच (ओढून काढण्याच्या साधनानेच) काढावी व खास साधनानेच बसवावी. हातोडीचा एक घावही आतल्या भागांना इजा करू शकतो.

दाब आणि प्रवाह वाढले की उष्णताही वाढते, म्हणून परतीच्या नळीवर कूलर बसवतात. जुने तेल पूर्ण काढून यंत्रणा धुतली नाही, तर त्यातला धातूचा चुरा नव्या पंपाची पाती खाऊन टाकतो. हवा काढताना पुढची चाके जमिनीपासून उचलून, इंजिन बंद ठेवून, स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अनेकदा सावकाश फिरवावे लागते. तेलाला फेस आला किंवा पंप किंचाळू लागला, तर हवा अजून आत आहे असे समजावे.

वाढलेला जोर अखेर स्टिअरिंग बॉक्सवर, म्हणजे स्टिअरिंगचे फिरणे चाकांपर्यंत पोचवणाऱ्या गिअरच्या पेटीवर, येतो. झिजलेले सील त्यामुळे गळू लागतात आणि बॉक्सचे बोल्ट जिथे बसतात तिथे जुन्या चासीला तडे जाऊ शकतात. काही गाड्यांत त्या जागी आधारपट्टी लावण्याचे काम पंपाच्याही आधी करावे लागते.