डिप्लोमा केला की डिग्रीचं दार बंद?

दहावीचा निकाल लागला की एक मेसेज हमखास फिरतो: ‘पॉलिटेक्निकला गेलात तर इंजिनिअरिंगची डिग्री विसरा, वर्षंही फुकट जातील.’

आधी वर्षं मोजू. अकरावी-बारावीची २ आणि डिग्रीची ४, म्हणजे दहावीनंतर ६. डिप्लोमाची ३ आणि मग थेट दुसऱ्या वर्षापासून डिग्रीची ३, तीही ६च. महाराष्ट्रात हा थेट प्रवेश डिप्लोमाच्या गुणांवर होतो, त्यासाठी वेगळी सीईटी नसते. खात्री करायची तर राज्याच्या प्रवेश प्रक्रियेच्या माहितीपुस्तिकेत ‘थेट द्वितीय वर्ष’ हा भाग उघडा आणि हव्या त्या कॉलेजची मागच्या वर्षीची कट-ऑफ यादी बघा. मात्र ही सोय प्रत्येक संस्थेत नसते, हेही तिथेच पडताळा.

नोकरीचं काय? कॅम्पस भरतीच्या नोटिशीतली पात्रतेची ओळ वाचा. तिथे बऱ्याचदा ‘दहावी, बारावी किंवा डिप्लोमा’ असंच लिहिलेलं असतं, म्हणजे बारावीच्या जागी डिप्लोमा चालतो.

खरी अडचण वेगळीच आहे, आणि मेसेजमध्ये तिचा उल्लेखही नसतो: गणित. डिग्रीच्या दुसऱ्या वर्षी लाप्लास ट्रान्सफॉर्मसारखे विषय समोर येतात, तेही पहिल्या वर्षाचं गणित झालंय असं धरून. वर्कशॉपमध्ये लेथवर सफाईने हात चालवणारी मुलं इथे अडखळतात. डिप्लोमाच्या शेवटच्या सुट्टीत इंटिग्रेशन पक्कं केलं तर हा त्रास बराच कमी होतो. बारावीला पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) आवडीने करणाऱ्याने मात्र उगाच वाट बदलू नये.