सुरुवात ‘पी’पासूनच का? ईसीजीच्या कागदामागची पंचावन्न वर्षं

ईसीजी काढताना मनगटांना आणि घोट्यांना चिमटे लावतात, छातीवर गार जेल लावून सहा जागी रबरी फुगे चिकटवतात. मिनिटाभरात बारीक चौकटींचा कागद बाहेर येतो. हे चिमटे, त्या चौकटी, लाटांची अक्षरं यांतलं काहीच एकदम ठरलेलं नाही. यंत्र आधी आलं. त्यानं काढलेल्या रेघेचा अर्थ लागायला पुढं कित्येक वर्षं गेली.

१८८७ साली लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलमध्ये ऑगस्टस वॉलर यांनी माणसाच्या हृदयातली वीज छाती न उघडता, बाहेरूनच टिपली. उपकरण म्हणजे केसासारखी बारीक काचेची नळी आणि तिच्यात वीज बदलली की हलणारा पारा. वॉलर यांचा जिमी नावाचा बुलडॉग मिठाच्या पाण्यात पंजे बुडवून उभा राही आणि लोकांना प्रयोग दाखवला जाई. १९०९ मध्ये हा कुत्र्याचा छळ आहे, अशी तक्रार थेट ब्रिटिश संसदेत झाली. उत्तर मिळालं ते असं की, समुद्राच्या पाण्यात पाय बुडवले तर जेवढा त्रास होतो, तेवढाच जिमीला होत असेल!

पाऱ्याची अडचण वेगळीच होती. तो जड, त्यामुळं हृदयाच्या वेगानं हलू शकत नसे आणि रेघ बोथट येई. नेदरलँड्समधल्या लायडेनचे विलेम आइंटहोवेन यांनी ती गणितानं दुरुस्त केली. मूळ रेघेवरच्या चढउतारांना त्यांनी ए, बी, सी, डी म्हटलं होतं. दुरुस्त रेघ त्याच चित्रावर काढायची, तर अक्षरं वेगळी हवीत. म्हणून पी, क्यू, आर, एस, टी. थेट ‘पी’वर उडी घेण्यामागं वक्ररेषेवरच्या बिंदूंना ‘पी’पासून नावं देण्याची गणितातली जुनी सवय असावी, असं सांगतात. पी म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांमध्ये पसरणारी वीज, क्यूआरएस खालच्या कप्प्यांमधली आणि टी म्हणजे खालचे कप्पे पुढच्या ठोक्यासाठी पूर्ववत होणं. हे मात्र अक्षरांवरून कळायचं नाही, पाठच करावं लागतं.

दरवेळी गणित करत बसण्यापेक्षा आइंटहोवेन यांनी यंत्रच नवं बांधलं. प्रचंड विद्युतचुंबकाच्या दोन टोकांमध्ये चांदीचा मुलामा दिलेला क्वार्ट्‌झचा अतिसूक्ष्म धागा ताणलेला. हृदयाची वीज त्यातून गेली की धागा थरथरे आणि त्याची सावली सरकत्या फोटोच्या काचेवर उमटे. यंत्राचं वजन २७० किलोच्या आसपास, चालवायला पाच माणसं, चुंबक थंड ठेवायला पाणी. असलं धूड रुग्णाकडं नेणार कसं? १९०५ मध्ये त्यांनी सुमारे दीड किलोमीटरवरच्या रुग्णालयापासून प्रयोगशाळेपर्यंत टेलिफोनच्या तारेनं रुग्णांचे ठोके आणवले. दोन हात आणि डावा पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून रुग्ण बसे. लीड म्हणजे शरीरावरच्या ठरावीक जागांवरून हृदयाची वीज पाहण्याची एक बाजू. लीड एक, दोन आणि तीन या त्या तीन भांड्यांच्या जोड्यांमधून आल्या. आजचे चिमटे हे त्या भांड्यांचेच वारस.

कागदाचं मापही त्यांच्याच काळातलं. सेकंदाला २५ मिलिमीटर वेग, म्हणजे लहान चौकोन ०.०४ सेकंदांचा, मोठा ०.२ सेकंदांचा. उभ्या दिशेनं १० मिलिमीटर म्हणजे एक मिलिव्होल्ट. यावरून ठोके मोजायची युक्ती निघते. लागोपाठच्या दोन आर लाटांमध्ये जितके मोठे चौकोन असतील, त्यांनी ३०० ला भागायचं. चार चौकोन असतील तर मिनिटाला ७५. ठोके अनियमित असतील तर मात्र ही युक्ती फसते.

आणि अनियमित ठोक्यांचंच कोडं रेघेनं आधी सोडवलं. काही रुग्णांची नाडी कसलाच ताल न धरता चाले. १९०९ मध्ये लंडनच्या थॉमस लुइस यांनी दाखवलं की, अशांच्या रेघेत पी लाटच नसते, कारण वरचे कप्पे नीट आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरत असतात. हार्ट अटॅकची खूण सापडायला १९२० उजाडलं. न्यूयॉर्कच्या हॅरल्ड पार्डी यांनी एस आणि टी यांच्यामधला तुकडा वर उचललेला दाखवला. आज डॉक्टर ‘एसटी वर गेलाय’ म्हणतात तो हाच.

तीन लीड हृदयाकडं फक्त हातापायांच्या बाजूनं पाहतात. समोरून पाहणाऱ्या छातीवरच्या सहा जागा अमेरिकी आणि ब्रिटिश हृदयतज्ज्ञांनी १९३८ मध्ये त्या मानानं उशिराच पक्क्या केल्या. १९४२ मध्ये इमॅन्युएल गोल्डबर्गर यांनी हातापायांच्या त्याच जोडण्यांमधून आणखी तीन लीड काढल्या आणि बारा पूर्ण झाल्या. एवीआर, एवीएल, एवीएफ त्या ह्याच. नवा चिमटा एकही लागला नाही.

या कागदावर जेमतेम दहा सेकंदांचं हृदय असतं. त्यामुळं छातीत दुखत असताना पहिला ईसीजी ‘नॉर्मल’ आला, तरी डॉक्टर थोड्या वेळानं पुन्हा काढतात आणि जुना मागतात. तो बहुधा थर्मल कागदावरचा असतो आणि काही वर्षांत पुसट होतो. फाइलला लावण्याआधी झेरॉक्स काढून ठेवलेली बरी.