सिकलसेल, शुगर आणि डोळ्याचा पडदा : नको तिथे वाढणाऱ्या रक्तवाहिन्यांच्या संशोधनाची पार्श्वभूमी

विदर्भात सिकलसेल म्हणजे काय, तांबड्या पेशींचा हा आनुवंशिक आजार कसा असतो, हे समजावून सांगावं लागत नाही. गडचिरोली, चंद्रपूर, मेळघाटातल्या कितीतरी घरांत कोण ‘एएस’ (वाहक) आणि कोण ‘एसएस’ (रुग्ण) हे पोरासोरांनाही ठाऊक असतं. हाडं दुखणं, कावीळ, रक्त चढवणं हे सगळं माहितीचं आहे. डोळ्याचं मात्र क्वचितच कुणी बोलतं. शिबिरात एखादा म्हातारा विचारतो, “मोतीबिंदू काढला तं दिसन ना जी?” शुगर जुनी असते, डोळ्यासमोर काळ्या माश्या फिरत असतात, आणि बिघाड भिंगात नसून मागच्या पडद्यात असतो. तिथे उगवलेली नाजूक रक्तवाहिनी फुटून रक्त सांडलेलं असतं.

हा पडदा जिवंतपणी बघता येऊ लागला तो १८५१ नंतर, जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झने डोळ्यात डोकावण्याचं उपकरण बनवलं तेव्हापासून. पण मधुमेहाने जाणारी नजर हा मोठा प्रश्न झाला तो इन्सुलिन आल्यावर. १९२२ च्या आधी मधुमेही मुलं-माणसं फार जगतच नसत. इन्सुलिनने आयुष्य दिलं आणि पंधरा-वीस वर्षांनी त्याच माणसांच्या पडद्यावर विचित्र, वेड्यावाकड्या वाहिन्या दिसू लागल्या.

त्या का वाढतात? १९४८ मध्ये आयझॅक मायकेलसन या नेत्रतज्ज्ञाने मांडलं, की पडद्याचा जो भाग रक्ताविना उपाशी राहतो, तोच एखादा पदार्थ सोडत असावा आणि तो पदार्थ नव्या वाहिन्यांना बोलावत असावा. पदार्थ कोणता, हे कुणालाच सांगता येईना. पुढे त्याला नुसतंच ‘फॅक्टर एक्स’ म्हटलं गेलं. मला या सगळ्या इतिहासातली ही सर्वांत मोलाची पायरी वाटते. नव्या वाहिन्या हा मूळ आजार नव्हेच. ऑक्सिजन न मिळालेल्या पडद्याची ती धडपड आहे, फक्त चुकीच्या दिशेने गेलेली.

तोवर उपचार मात्र अंधारातच चालले होते. १९५३ मध्ये एक नोंद प्रसिद्ध झाली. बाळंतपणानंतर एका मधुमेही बाईची पिट्युटरी ही मेंदूच्या तळाशी असलेली, संप्रेरकं सोडणारी ग्रंथी निकामी झाली आणि तिच्या पडद्यावरचे बदल ओसरले. तेवढ्या आधारावर पुढे अनेक रुग्णांची ही ग्रंथीच काढून किंवा जाळून टाकण्यात आली. नजर वाचवण्यासाठी माणसं केवढी किंमत मोजायला तयार होती, ते यातून दिसतं. त्याच काळात जर्मनीत मायर-श्विकेराथ या नेत्रतज्ज्ञाने वेगळी वाट धरली. ग्रहण बघताना सूर्याने पडदा भाजतो, मग तोच प्रकाश मोजूनमापून वापरता येईल का? आधी थेट सूर्यप्रकाश, मग झेनॉनचा दिवा, मग लेसर असा तो प्रवास झाला. १९७६ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीने दाखवलं, की वेळेत लेसर केला तर दृष्टी गंभीरपणे जाण्याचा धोका निम्म्याहून कमी होतो. उपाशी भागच भाजून टाकला की त्याची ऑक्सिजनची मागणी थांबते. मायकेलसनचं म्हणणं इथे आडवाटेने खरं ठरलं.

फॅक्टर एक्सचा शोध लागला तो कॅन्सरच्या प्रयोगशाळांमधून. गाठीला वाढायला रक्त लागतं, ते तोडता येईल, असं अमेरिकी शल्यतज्ज्ञ ज्युडा फोकमन १९७१ पासून सांगत होते. १९८३ मध्ये हॅरॉल्ड ड्व्होराक यांच्या गटाला वाहिन्या पाझरायला लावणारं प्रथिन सापडलं. १९८९ मध्ये नेपोलिओन फेरारा यांनी वाहिन्या वाढवणारं प्रथिन वेगळं केलं. दोन्ही एकच निघाली. त्याचं नाव व्हीईजीएफ. १९९४ मध्ये ते मधुमेही रुग्णांच्या डोळ्यातल्या द्रवातही वाढलेलं आढळलं.

याच व्हीईजीएफला अडवणारं आणि आज डोळ्यात दिलं जाणारं बेव्हॅसिझुमॅब हे मुळात २००४ मध्ये आतड्याच्या कॅन्सरसाठी मंजूर झालेलं औषध आहे. २००५ पासून नेत्रतज्ज्ञ ते थोड्या मात्रेत डोळ्यात देऊ लागले. तेच काम करणारं, खास डोळ्यासाठी बनलेलं रॅनिबिझुमॅब २००६ मध्ये आलं, पण ते फार महाग. २०११ च्या तुलनात्मक चाचणीत, वयोमानाने पडद्याचा मध्य बिघडलेल्या रुग्णांमध्ये, दोन्हींनी नजर जवळपास सारखीच सुधारली. गरीब रुग्णासाठी हा निष्कर्ष फार मोठा होता. तरी इंजेक्शन एकदा घेऊन भागत नाही, सुरुवातीला बहुधा दर महिन्याला घ्यावं लागतं. भामरागड-एटापल्लीकडच्या माणसाला मजुरी बुडवून दर महिन्याला नागपूर गाठणं किती जड जातं, हे इथल्या कुणालाही कळेल.

आता सिकलसेल. भारतात हा आजार १९५२ मध्ये नोंदला गेला आणि १९५८ मध्ये शुक्ला व सोलंकी यांनी नागपूरहून मध्य भारतातल्या रुग्णांबद्दल लिहिलं. कोयत्यासारख्या वाकलेल्या तांबड्या पेशी बारीक वाहिन्यांत अडकतात. पडद्याची कड म्हणजे कालव्याच्या टेलचं शेत, पाणी तिथे शेवटी पोचतं आणि आधी तुटतं. ती कड उपाशी पडते, व्हीईजीएफ सुटतं आणि वाहिन्यांचा पंख्यासारखा झुबका उगवतो. समुद्रातल्या पंखाकृती प्रवाळावरून डॉक्टर त्याला ‘सी फॅन’ म्हणतात. मॉर्टन गोल्डबर्ग यांनी १९७१ मध्ये या बदलांच्या पाच पायऱ्या ठरवल्या, त्या आजही वापरात आहेत. काही झुबके आपोआप सुकतात. काही फुटतात आणि डोळा रक्ताने भरतो. लेसरने हे रक्तस्राव कमी होतात, हे जमैकातल्या रुग्णांवरच्या चाचणीत दिसलं.

अडचण अशी, की हे सगळं कडेला चालतं. मधली नजर शाबूत असते, पोरगं फळ्यावरचं नीट वाचतं, मग कुणाला संशय येणार? भारतातल्या रुग्णांच्या रक्तात गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन जास्त टिकतं, त्यामुळे आजार आफ्रिकी रुग्णांपेक्षा पुष्कळदा सौम्य राहतो. पण त्यावर डोळ्यांपुरतं निर्धास्त राहणं मला पटत नाही, कारण इथल्या रुग्णांतही हे बदल दिसले आहेत. २०२३ पासून सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू आहे, रक्ततपासणी गावोगाव पोचते आहे. पडद्याची तपासणीही तिच्या जोडीने जायला हवी.

सिकलसेलग्रस्त मुलाचा पडदा दहाव्या वर्षापासून दर एक-दोन वर्षांनी बघावा, असं अमेरिकेतल्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. प्रौढपणी सुरू झालेली शुगर असेल तर निदान झालं की लगेच आणि मग दरवर्षी. तपासणीत थेंब टाकून बाहुली मोठी करतात, दुखत नाही. काही तास जवळचं धूसर दिसतं आणि ऊन सहन होत नाही, म्हणून सोबत कुणाला तरी न्यावं आणि त्या दिवशी गाडी चालवू नये.