मेंदूला गिरकी सोसत नाही

१० फेब्रुवारी २०२४. एडिंबरोचं मरेफील्ड मैदान, रग्बीचा सामना, स्कॉटलंड विरुद्ध फ्रान्स. सामना चालू असताना स्कॉटलंडच्या जॉर्ज टर्नरला तपासणीसाठी बाहेर बोलावलं गेलं. इशारा दिला होता त्याच्या दातांवर बसवलेल्या माउथगार्डने. सिक्स नेशन्स स्पर्धेत हे पहिल्यांदाच घडत होतं.

इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स, आयर्लंड, फ्रान्स आणि इटली दरवर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये या रग्बी स्पर्धेत भिडतात. तिची सुरुवात १८८३ची. इंग्लंड-स्कॉटलंड सामन्याचा कलकत्ता कप तर आपल्याच चांदीच्या रुपयांचा! कलकत्त्यातला रग्बी क्लब बंद पडला, तेव्हा बँकेतली शिल्लक रुपयांत काढून, ते वितळवून हा चषक घडवला. मुठींच्या जागी नाग, झाकणावर हत्ती. १९८८ साली दोन खेळाडूंनी रात्री एडिंबरोच्या रस्त्यावर त्याला लाथाडलं आणि तो चेपला. चांदीचा पोचा ठोकून काढता आला. मेंदूचं तसं नाही, कारण मेंदूला पोचा येत नाही, पीळ बसतो.

ताटलीत खरवसाची वडी ठेवा. तळव्याने सगळीकडून सारखं दाबलं तर ती फारशी आकसत नाही. पण ताटली झटकन फिरवा. खालचा भाग ताटलीबरोबर जातो, वरचा मागे राहतो आणि वडीला आतून चीर पडते. सुमारे १.४ किलोंचा मेंदूही असाच मऊ आहे. दाबाला तो दाद देत नाही, पण थर एकमेकांवर सरकले की टिकत नाही. ऑक्सफर्डच्या होलबर्न यांनी १९४३मध्ये जिलेटिनचा मेंदू बनवून नेमकं हेच दाखवलं. डोकं सरळ रेषेत हललं तर ताण थोडा, गर्रकन फिरलं तर भरपूर.

आतल्या चेतातंतूंची गंमत अशी, की सावकाश ताणले तर ते रबरासारखे लांबतात, झटक्यात ताणले तर ठिसूळ होतात. मग पेशीतलं पोटॅशियम बाहेर, कॅल्शियम आत, आणि हा तोल सावरताना पेशीची ऊर्जा संपत जाते. कन्कशन म्हणतात ते हेच. म्हणूनच साध्या एक्स-रेत किंवा सीटी स्कॅनमध्ये बहुधा काहीच दिसत नाही. रग्बीतली मऊ टोपी कान वाचवते. ही गिरकी तिला थोपवता येत नाही.

मग ती मोजायची कुठे? कातडीवर चिकटवलेला सेन्सर कातडीबरोबर सरकतो. वरचे दात मात्र कवटीतच घट्ट रोवलेले. म्हणून माउथगार्डमध्ये मोबाइलमध्ये असतात तसे त्वरणमापक आणि फिरण्याचा वेग मोजणारे जायरोस्कोप बसवतात. पुरुषांसाठी इशाऱ्याची मर्यादा गुरुत्वाकर्षणाच्या ७५ पट त्वरण आणि फिरण्याचं त्वरण ४५०० रेडियन प्रति सेकंद वर्ग. म्हणजे सेकंदाच्या शंभराव्या भागात डोकं इतका वेग घेतं, की तोच टिकला तर ते सेकंदाला सात फेऱ्या मारेल. मान तो तिथेच अडवते आणि पीळ मेंदूला बसतो. इशारा मैदानाकडेच्या डॉक्टरांना तत्काळ पोचतो.

हे यंत्र कन्कशनचं निदान करत नाही. मोठ्या धक्क्यानंतर कोणी ठणठणीत असतो, तर लहानशा धक्क्याने कोणाला गरगरतं. तरीही मला ते मोलाचं वाटतं, कारण भोवळ आलेला खेळाडू बहुधा स्वतःहून बाहेर जात नाही. इंग्लंडचा स्टीव्ह थॉम्पसन २००३चा विश्वचषक जिंकलेल्या संघात होता. चाळिशीतच त्याला स्मृतिभ्रंशाचं निदान झालं आणि तो अंतिम सामना त्याला आठवत नाही. अशा खेळाडूंबाबत संशय एका मोठ्या धडकेवर नसतो. वर्षानुवर्षं बसलेल्या हजारो लहान धक्क्यांवर असतो, आणि त्यातले कितीतरी प्रेक्षक नसलेल्या सरावात बसतात. सरावात पूर्ण ताकदीची टक्कर आठवड्याला १५ मिनिटांपेक्षा जास्त नको, ही जागतिक संघटनेची २०२१ची सूचना. ती फक्त शिफारस आहे. माझ्या मते तो नियम व्हायला हवा.