अबाउट टर्न

अबाउट टर्न : उभ्या जागी किंवा चालता चालता १८० अंशांतून वळून तोंड विरुद्ध दिशेला करण्याची इंग्रजी कवायतीतील आज्ञा, आणि लक्षणेने भूमिकेत अचानक केलेला पूर्ण बदल. मराठीत ‘अबाऊट टर्न’ असेही लिहितात. अमेरिकी इंग्रजीत याच आज्ञेला ‘अबाउट फेस’ म्हणतात, तर भारतीय सेनेत आणि राष्ट्रीय छात्रसेनेत ‘पीछे मुड’ ही हिंदी आज्ञा रूढ आहे.

उभ्या जागचे वळण नेहमी उजवीकडून घेतात. उजव्या पायाची टाच आणि डाव्या पायाचा चवडा यांवर, गुडघे न वाकवता व हात शरीराला चिकटवून, शरीर अर्धवर्तुळात फिरवतात आणि मग डावा पाय उचलून उजव्याशेजारी आणतात. या क्रियेत जागा सोडलेली नसते. म्हणून ‘माघार’ हा तिचा नेमका पर्याय नव्हे. माघारीत पाऊल मागे पडते, येथे केवळ तोंड फिरते. वाहनाच्या ‘यू-टर्न’ला मात्र रस्त्याची रुंदी लागते. भारतात वाहने डाव्या बाजूने चालत असल्याने तोही उजवीकडूनच घेतला जातो, पण हे साम्य योगायोगाचे आहे.

‘टर्न’ची व्युत्पत्ती लॅटिन ‘तोर्नारे’ (लेथवर फिरवून घडवणे) या क्रियापदाकडे जाते आणि त्यामागे ग्रीक ‘तोर्नोस’ हा वर्तुळ आखण्याच्या साधनाचा व लेथचा वाचक शब्द आहे. हा शब्द इंग्रजीत प्रथम लॅटिनमधून आला आणि पुढे फ्रेंचमुळे दृढ झाला. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत लेथवर काम करणाऱ्याला ‘टर्नर’ म्हणतात (जुन्या मराठीत ‘कातारी’). त्या नावात हा मूळ अर्थ, बहुधा बोलणाऱ्याच्या ध्यानीमनी नसताना, टिकून राहिला आहे.

मराठीतील रूढ प्रतिशब्द ‘घूमजाव’ याचा उगम वादाचा आहे. तो सरळ कवायतीच्या हिंदुस्थानी आज्ञेतून आला, असे एक स्पष्टीकरण दिले जाते. लष्करी वातावरणाशी शब्दाचा मेळ बसत असल्याने ते आकर्षक आहे, पण त्यात एक अडचण आहे. आजच्या हिंदी आज्ञांत ‘घूम’ हे ‘दाहिने घूम’, ‘बायें घूम’ असे चालत्या तुकडीने कमानीसारखे वळण घेण्यासाठी वापरतात. जागच्या जागी पूर्ण वळण्यासाठी ‘मुड’ आहे. इंग्रजी आज्ञांच्या जागी हिंदी आज्ञाही मुख्यतः स्वातंत्र्योत्तर काळात आल्या. त्यामुळे ‘घूम जाओ’ या बोलीतील साध्या आज्ञार्थाचे मराठीत नाम झाले असावे, हे दुसरे स्पष्टीकरण अधिक पटण्याजोगे वाटते. १९४२ च्या आंदोलनाला मराठीत ‘चले जाव’ म्हटले गेले, तेथेही ‘जाओ’चे ‘जाव’ होऊन आज्ञार्थ नामासारखा वापरला गेला आहे. ‘पलटणे’ आणि ‘पलटण’ यांचा संबंध जोडण्याचा मोह मात्र टाळावा. पहिला शब्द प्राकृतातून आलेला आहे, दुसरा ‘बटालियन’ किंवा ‘प्लटून’ यांचा अपभ्रंश आहे.

सीमाभागात ‘अबाउट टर्न’ या शब्दाची ओळख पुस्तकापेक्षा मैदानावरून झाली असणे स्वाभाविक आहे. मराठा लाइट इन्फंट्रीचे प्रशिक्षण केंद्र १९२२ पासून बेळगावात आहे, आणि १९५६ साली जिल्हा मुंबई राज्यातून तत्कालीन म्हैसूर राज्यात गेल्यानंतरही ते तेथेच राहिले. छावणीच्या सान्निध्यामुळे कवायतीचे इंग्रजी शब्द येथील मराठीत लवकर मुरले असावेत. शेजारच्या कन्नडमध्ये ‘तिरुगु’ या धातूचे वळणे, फिरणे आणि भटकणे असे तिन्ही अर्थ होतात. मराठी ‘फिरणे’ही ‘चाक फिरले’, ‘माघारी फिरला’, ‘गावभर फिरला’ असेच चालते. इंग्रजी ‘टर्न’ला यातील भटकण्याचा अर्थ नाही. त्यामुळे बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या द्विभाषिकाला हे दोन देशी शब्द एकमेकांचे चपखल पर्याय वाटतात आणि ‘टर्न’ केवळ ठरावीक वळणापुरता उरतो.

वाक्यात ‘अबाउट टर्न’ पुल्लिंगी असून ‘करणे’, ‘घेणे’ किंवा बोलीत ‘मारणे’ या क्रियापदांबरोबर येतो (‘पुढं जाऊन टर्न मार की’). ‘पाळी’ या अर्थाचा ‘टर्न’ मात्र ‘पाळी’च्याच वळणावर जाऊन अनेकदा स्त्रीलिंगी होतो, जसे ‘माझी टर्न आली’. राजकीय लेखनात ‘घूमजाव’ नपुंसकलिंगी असून त्यात निंदेची छटा असते. कवायतीच्या आज्ञेत ती मुळीच नाही, कारण तेथे वळणारा स्वतःच्या मर्जीने वळत नाही.